विंडसर्फिंग : पाण्यात पडलेलं शीड उभं कसं करायचं?

नवी_लाट
विंडसर्फिंग शिकायला नुकती सुरुवात केली आहे. बोर्डवर उभी राहते, तोल सावरता येतो, वारा कुठून येतोय हेही आता कळायला लागलंय. घोडं अडतं ते शीड पाण्यातून वर ओढताना. दोरी धरून जोर लावला की शीड जेमतेम हातभर उचललं जातं आणि तिथेच थांबतं, खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. आणखी जोर लावला तर ते एकदम हलकं होऊन सुटतं आणि मी पाठीवर पाण्यात पडते. आणि कधीकधी वर येता येता शीड गर्रकन फिरतं नि माझ्याच अंगावर येतं. हे तिसरं का होतं ते अजिबात उलगडलेलं नाही.

बोर्ड २०० लिटरचा आहे, शीड ५.५ चौरस मीटरचं, माझं वजन ५५ किलो. दुसऱ्या दिवशी कंबर आणि दंड इतके भरून येतात की पाण्यात जाववत नाही. दंडाची ताकद वाढवायला व्यायाम सुरू करू की माझी पद्धतच चुकतेय? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

संथ_पाणी
चांगला धागा. मीही याच पायरीवर आहे, वाचतोय.

मोकळा_वारा
नवी_लाट, दंडाचा व्यायाम जरूर करा, पण यासाठी नको. शीड दंडानं उचलायचं नसतंच. मी नवशिक्यांना शिकवतो. त्यात दणकट शरीरयष्टीचे लोक पहिल्या तासात सर्वात जास्त दमतात, कारण ते दोरी ओढत बसतात.

सगळ्यात आधी वारा. दोरीला हात लावण्यापूर्वी वारा तुमच्या पाठीवर यायला हवा आणि शीड तुमच्या समोर, म्हणजे वारा जिकडे जातोय त्या बाजूला पाण्यावर पडलेलं हवं. बोर्ड वाऱ्याला आडवा. खात्री करायची असेल तर मान हळूहळू फिरवा. दोन्ही कानांमागे वारा सारखा लागला की तुम्ही नेमक्या वाऱ्याला पाठ करून उभ्या आहात. यात चूक झाली तर पुढचं सगळं बरोबर करूनही शीड अंगावर येणार. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की इथेच आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

आता पाय. मास्ट, म्हणजे शिडाची उभी काठी, बोर्डला जिथे जोडलेला असतो त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल ठेवायचं. खांद्याइतकं अंतर, पावलांचा मधला भाग बोर्डच्या मध्यरेषेवर, बोटं शिडाकडे. डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डच्या मधून पाण्यात सोडायची फळी, पूर्ण खाली केलेला हवा, त्याच्याशिवाय बोर्ड या पायावरून त्या पायावर डुलत राहतो. मग गुडघे वाकवून खाली बसत दोरी पकडा. कमरेत वाकायचं नाही. पाठ सरळ, हात सरळ. कोपरं वाकली की वजन दंडावर आलंच म्हणून समजा. हात म्हणजे दोरीचाच पुढचा भाग, त्यांचं काम फक्त धरून ठेवण्याचं.

यानंतर गुडघे हळूहळू सरळ करत अंगाचं वजन मागे टाका. मागे म्हणजे वाऱ्याकडे. मास्टचं टोक पाण्यातून थोडं वर येईल. इथे थांबा. अगदी जाणीवपूर्वक थांबा. अंग मागे कललेलं, हात सरळ, दोरी ताणलेली, आणि काहीही ओढायचं नाही. शिडावर साचलेलं पाणी कडेनं ओघळून जायला लागेल, मास्टभोवतीच्या कापडी नळीत शिरलेलं पाणीही निथळेल. दोन-तीन श्वासांत दोरीवरचा भार कमी झालेला तुम्हाला स्पष्ट जाणवतो. तो जाणवल्यावरच दोरीवर हात एकापुढे एक सरकवत वर जायचं.

तुम्हाला "कुणीतरी खालून धरून ठेवलंय" असं वाटतं ना, ते पाणी आहे. त्याला जायला वेळ द्या.

गणिताची_वही
मोकळा_वारा यांच्या "थांबा"ला पूर्ण अनुमोदन. त्यामागचा हिशेब सांगते.

शीड पाण्याखाली असतं तोवर त्याच्यावरच्या पाण्याचं वजन हाताला लागत नाही. ते पाणी पृष्ठभागाच्या वर उचलायला लागलं की मात्र प्रत्येक लिटर एक किलोचा. ५.५ चौरस मीटरपैकी फक्त २ चौरस मीटर भागावर २ सेंटिमीटर पाणी साचलंय असं धरलं, तरी ते ४० लिटर होतं, म्हणजे ४० किलो. रिगचं (म्हणजे शीड आणि त्याच्या काठ्या मिळून) स्वतःचं वजन याच्यापुढे फारच थोडं. म्हणजे झटका मारून शीड उचलणारा माणूस मुख्यतः पाणी उचलत असतो, जे थोडं थांबलं तर आपोआप खाली गेलं असतं.

दुसरी गोष्ट तरफेची. दोरी बांधलेली असते बूमच्या, म्हणजे शीड हातानं धरायच्या आडव्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला. मास्ट आडवा असताना रिगचं वजन सांध्यापासून लांब असतं, आणि दोरीची ओढ मात्र तिरकी लागत असल्यामुळे तिचा सगळा उपयोग होत नाही. म्हणून सुरुवातीला दोरीला रिगच्या वजनापेक्षा बरीच जास्त ओढ द्यावी लागते. मास्ट जसजसा उभा होत जातो तसतसं वजन सांध्याच्या वर यायला लागतं आणि ओढ झपाट्यानं कमी होते. शेवटी मास्ट उभा असताना दोन बोटांनीही धरता येतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भार सुरुवातीला खूप आणि नंतर झर्रकन कमी, पण तुमचं अंग मात्र मागे झुकलेलंच राहतं. शिडाचं शेवटचं टोक पाण्यातून सुटलं की समोरचा भार गेला, आणि तुम्ही मागे.

मोकळा_वारा
गणिताची_वही, तरफेचं फार छान सांगितलंत. शिकवताना मी हे नुसतं "नंतर हलकं होतं" असं सांगत आलोय.

तर मागे पडण्यावर उपाय. भार कमी होईल तसं अंगही परत बोर्डवर आणायचं. गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि कंबर पुढे, पावलांच्या वर आणत चला. दोरीवर हात चढवण्याची गती आणि अंग सरळ होण्याची गती एकच असली पाहिजे. शिडाचा मागचा कोपरा सर्वात शेवटी सुटतो, त्या क्षणाची आधीच वाट पाहा. नजर मास्टच्या वरच्या भागाकडे. पायांकडे बघत राहिलं की डोकं पुढे झुकतं आणि डोक्यामागोमाग सगळं अंग जातं.

शीड सुटलं की दोरी सोडून दोन्ही हातांनी मास्ट धरा, बूमच्या खाली. हात सरळ, शीड वाऱ्यावर झेंड्यासारखं मोकळं फडफडतंय, बोर्ड आणि शीड यांच्यात काटकोन. याला शिकवणारे टी पोझिशन म्हणतात. इथे शिडात वारा भरलेला नसतो, त्यामुळे ओढ नाही. दम घ्यायचा तर इथेच. बूम लगेच धरायची घाई करू नका.

तिसरा प्रश्न. शीड जर वारा येतो त्या बाजूला पडलेलं असेल, म्हणजे तुमचं तोंड वाऱ्याकडे असेल, आणि तुम्ही तसंच ओढलंत, तर मास्ट पाण्यातून सुटताक्षणी वारा शिडाच्या खालून शिरतो आणि सगळं उचलून तुमच्यावर टाकतो. त्यात तुमच्या जोराचा काही दोष नाही, वारा आपलं काम करतो. यावर उपाय दोन. कमरेइतक्या पाण्यात असाल तर खाली उतरून बोर्ड हातानं फिरवून घ्या. खोल पाण्यात असाल तर दोरीनं मास्ट फक्त थोडा वर आणा, शिडाचा बराचसा भाग पाण्यातच राहू द्या आणि तसंच धरून थांबा. वारा रिगला हळूहळू ढकलत बोर्डच्या पुढच्या किंवा मागच्या टोकावरून पलीकडे नेतो आणि पायाखालचा बोर्डही फिरतो. तुम्ही मास्टच्या सांध्याभोवती बारीक पावलं टाकत शिडाकडे तोंड ठेवायचं. पाठीवर वारा आला की मग नेहमीसारखं वर.

दक्षिणवारा
एक वेगळं मत मांडतो. माझ्या मते शीड ओढण्याच्या कलेवर एवढा वेळ घालवूच नये. नीट वारा असलेल्या दिवशी वॉटरस्टार्ट शिका. पाण्यात राहूनच शिडाची कड वाऱ्याला दाखवायची, वारा शीड उचलतो, आणि त्याच ओढीवर आपणही बोर्डवर चढतो. कंबर दुखत नाही, दम जात नाही. पुढे लहान बोर्डवर गेलात की ओढून उभं करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो बोर्ड तुमचं वजन पेलत नाही.

मोकळा_वारा
दक्षिणवारा, वॉटरस्टार्ट ही सुंदर गोष्ट आहे आणि नवी_लाट एक दिवस तिथे पोचतीलच. पण क्रम बदलायला माझा विरोध आहे. वाऱ्यानं शिडाबरोबर माणसालाही उचलायचं तर साधारण १२ ते १५ नॉट (ताशी सागरी मैल) वारा लागतो. नवशिक्यानं शिकायचं ५ ते १० नॉटमध्ये. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा १४ झाला की शिडावरची ओढ जवळपास दुप्पट, २० झाला की चौपट. त्या वाऱ्यात ज्याला बोर्ड वळवता येत नाही त्याला पाठवणं मला पटत नाही.

आणि वारा पडला तर? किनाऱ्यापासून दूर आहात, वारा ५ नॉटवर आला, वॉटरस्टार्ट होणार नाही. अशा वेळी दोरीनं शीड उभं करता आलं तरच तुम्ही शीड लावून परत येता, नाहीतर बोर्डवर पालथं पडून हातानं वल्हवत यायचं. मला तर हे तंत्र जन्मभर लागणारं वाटतं.

दक्षिणवारा
वारा पडण्याचा मुद्दा मान्य. क्रमाबद्दलही मान्य करतो, नवशिक्याचा मोठा बोर्ड माझ्या डोळ्यासमोर नव्हता. पण नवी_लाट, वारा चांगला लागेल तेव्हा उथळ पाण्यातून बीचस्टार्ट, म्हणजे तळावर उभं राहून वाऱ्याच्या ओढीनं बोर्डवर चढणं, तरी लवकर करून बघा. पायाखाली जमीन असताना वारा शीड कसं उचलतो ते हाताला कळतं, आणि ते ज्ञान दोरी ओढतानाही उपयोगी पडतं.

खाडीकाठ
सामानाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नवी_लाट, बोर्ड ठीक आहे. ५५ किलोच्या माणसाला २०० लिटर म्हणजे भरपूर तरंगतं सामान, शिकायला असंच हवं. पण शीड मोठं आहे! ५.५ ऐवजी ३.५ किंवा ४ चौरस मीटरचं घ्या. हलक्या वाऱ्यात ते कमी ओढेल, वेग मिळणार नाही, पण तुम्हाला आत्ता वेग नकोय, तुम्हाला शीड पुन्हा पुन्हा उभं करता यायला हवंय. लहान शिडाचा मास्टही आखूड असतो, बूमही आखूड, सगळंच हलकं.

दुसरं, शीड कुठल्या प्रकारचं आहे तेही बघा. शर्यतीच्या शिडांना मास्टपाशी कॅम्बर (शिडाला फुगीर आकार देणारे तुकडे) असतात आणि त्यांची मास्टची नळी रुंद असते. तिच्यात इतकं पाणी भरतं की मुरलेल्या लोकांचीही दमछाक होते. जुनं सामान कुणी हौसेनं दिलं असेल तर हे हमखास तपासा.

दोरीसुद्धा. बारीक, गुळगुळीत दोरी असेल तर बदला. जाड, गाठी मारलेली किंवा आत रबर असलेली दोरी हवी. तिचं खालचं टोक इलॅस्टिकनं मास्टच्या बुंध्याशी बांधलेलं असलं की ती मास्टलगत राहते आणि वाकून शोधावी लागत नाही. बूमची उंची बोर्डवर उभं राहिल्यावर छाती ते खांदा यांच्या दरम्यान. पायात निओप्रीनचे बूट घाला, ओल्या बोर्डवर पाऊल घसरत नाही आणि खालच्या कालवांनी तळवेही कापत नाहीत.

जुनी_पानं
थोडं अवांतर, पण धाग्याशी जोडलेलं. बोटीची डोलकाठी पक्की बसवलेली असते, ती पडत नाही. विंडसर्फरचं शीड पडतं, कारण मास्ट सगळ्या दिशांना फिरणाऱ्या सांध्यावर उभा असतो आणि बोर्डला सुकाणू नसतं. शीड पुढेमागे कलवूनच दिशा बदलायची, ही या खेळाची मूळ कल्पना. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमान-अभियंते आणि हॉयल श्वाइट्झर यांनी या रचनेच्या पेटंटसाठी १९६८ साली अर्ज केला, १९७० साली ते मिळालं. पण अमेरिकेतच न्यूमन डार्बी यांनी १९६५ मध्ये आपल्या शिडाच्या बोर्डची माहिती मासिकात छापली होती, आणि इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स यांनी लहान असताना १९५८ साली असाच बोर्ड बनवला होता. तिथल्या न्यायालयानं तो दावा पुढे ग्राह्य धरला. १९८४ पासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे.

सांगायचा मुद्दा असा की शीड पडणं हा या रचनेचाच भाग आहे. ज्या मोकळ्या सांध्यामुळे ते पडतं त्याच सांध्यामुळे ते वळवता येतं. म्हणून ते पुन्हा उभं करणं हे शिकण्यातलं पहिलं खरं कौशल्य, आणि त्यावर वेळ गेला तर तो वाया गेला असं मला वाटत नाही.

संथ_पाणी
मोकळा_वारा, मास्ट अंगावर पडला तर काय करायचं? मला त्याचीच जास्त भीती वाटते. शिडाखाली सापडलो तर?

मोकळा_वारा
हे पहिल्या दिवशीच शिकवायला हवं, आणि बरेच जण गाळतात.

मागे पडताय असं वाटलं की दोरी सोडून द्या. धरून ठेवलीत तर मास्ट तुमच्या मागोमाग येतो. पडताना उडी मारू नका, अंग पसरून पाण्यावर पडा म्हणजे उथळ पाण्यात तळाला लागणार नाही. पाण्याखालून वर येताना एक हात डोक्याच्या वर धरून या. बोर्ड, बूम, मास्ट, जे काही वर असेल ते आधी हाताला लागेल.

शिडाखाली आलात तर घाबरू नका. हातानं शीड वर ढकललं की तोंडापुरती हवेची जागा होते. श्वास घ्या, मास्ट किंवा शिवण चाचपा आणि एकच दिशा धरून सरकत बाहेर या. दिशा बदलत राहिलात तरच वेळ लागतो, कारण शिडाची कड कुठल्याही बाजूनं फार लांब नसते. तरंगायला मदत करणारं जॅकेट घातलेलं हवंच. उथळ पाण्यात शांतपणे एकदा मुद्दाम शिडाखाली जाऊन बाहेर येऊन बघा, शेजारी कुणीतरी असताना. भीती बरीचशी जाते.

आणखी दोन गोष्टी. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा वारा असेल तर जाऊ नका, किनाऱ्यालगत तो हलका आणि छान वाटतो पण प्रत्येक पडण्यागणिक तुम्ही आत आत जाता. दमलात, परत येता येत नाही असं वाटलं, तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. शीड पाण्यात पडू द्या, ते नांगरासारखं धरून ठेवतं आणि वाहून जाण्याचा वेग कमी होतो. बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा, मदत हवी असल्याची ही सगळीकडे ओळखली जाणारी खूण आहे.

लिंबोणी
माझी मुलगी ११ वर्षांची आहे, तिला शिकायचंय. तिला हे शीड झेपेल का?

खाडीकाठ
मुलांसाठी १.५ ते ३ चौरस मीटरची शिडं मिळतात, मास्ट आणि बूमही त्याच मापाचे, बारीक आणि हलके. मोठ्यांचं सामान मात्र तिला देऊ नका, बूम जाड असते, मुठीत बसत नाही. योग्य मापाचं शीड असेल तर मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, असं मला तरी दिसलंय. ती जोर लावायला जातच नाहीत, सरळ मागे लटकतात.

नवी_लाट
सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

४ चौरस मीटरचं शीड मिळवलं आणि "थांबा" पाळलं. शीड आता धड वर येतं, कंबरही शाबूत आहे. मास्ट थोडा वर आल्यावर पाणी निथळताना भार कमी होतो तो खरंच हाताला कळतो. वाऱ्याकडे तोंड असेल तर शीड अर्धवट धरून वळू देणंही जमायला लागलंय.

आता पुढचा प्रश्न. मास्ट धरून उभी राहते तोवर सगळं ठीक. बूम धरली की बोर्डचं नाक वाऱ्याकडे वळतं आणि शीड पुन्हा पाण्यात. असं का?

गणिताची_वही
शीड मागे कललेलं असणार. शिडाच्या जोराचा मध्य बोर्डच्या वळण्याच्या मध्याच्या मागे गेला की नाक वाऱ्याकडे जातं, पुढे गेला की वाऱ्यापासून दूर. तुम्ही बूम धरण्यासाठी शीड स्वतःकडे, म्हणजे मागच्या बाजूला ओढून घेत असाल.

मोकळा_वारा
बरोबर. निघण्याआधी टी पोझिशनमध्येच थोडा वेळ खेळा. मास्ट धरून शीड बोर्डच्या पुढच्या टोकाकडे कलवा, नाक वाऱ्यापासून दूर जातं. मागच्या टोकाकडे कलवा, नाक वाऱ्याकडे येतं. बोर्ड हवा तसा उभा करता येईपर्यंत बूमला हात लावू नका.

निघताना क्रम असा. आधी पुढे दूर एखादी खूण निवडा. मागचं पाऊल मास्टच्या सांध्यामागे हातभर न्या, पुढचं पाऊल सांध्यालगत, त्याची बोटं पुढे वळलेली. पुढचा हात बूमवर आणा आणि मागचा हात मास्टवरून सोडा. आता पुढच्या हातानं मास्ट अंगासमोरून पुढच्या खांद्याच्या पलीकडे, बोर्डच्या नाकाकडे न्या. तुम्ही गाळताय ती पायरी बहुधा हीच. बरोबर जागी आला की मास्ट हातात अगदी हलका लागतो. त्यानंतरच मागचा हात बूमवर, आणि शीड हळूहळू आत घ्या. ओढ जास्त वाटली तर मागचा हात सोडा, पुढचा कधीच नाही. शीड लगेच मोकळं होतं आणि उभंच राहतं.

खाडीकाठ
यात एक भर. एखाद्या दिवशी वारा नसेल तर फिन (बोर्डखालचं पातं) काढून बोर्ड वाळूवर किंवा गवतावर ठेवा आणि हे हातापायांचं वळण तिथे बसवून घ्या. जमिनीवर मास्ट खांद्यापलीकडे नेण्याची सवय झाली की पाण्यात तिचा विचार करावा लागत नाही.

नवी_लाट
मास्ट मी छातीसमोरच ठेवत होते, खांद्यापलीकडे नेतच नव्हते. आता जमिनीवर करून बघते. शीड किती काळ ४ चौरस मीटरचंच ठेवू?

मोकळा_वारा
दोन्ही दिशांना जाऊन, वळून, निघालात तिथेच परत येता येईपर्यंत. मग हलक्या वाऱ्याच्या दिवशी ५ चौरस मीटरचं लावून बघा. वारा १२ नॉटच्या वर गेला तर परत ४.